उद्याचा जमाखर्च

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील शाळेत आले. हातात पेढ्यांचा पुडा आणि चेहऱ्यावर काळजी. म्हणाले, "बाई, सुट्टीत पोराला वाचायला एखादे पुस्तक सांगा. गोष्टीचे नको. आयुष्यात पुढे कसे जायचे ते समजेल असे सांगा." तसली तीन पुस्तके त्यांनी आधीच घेतली होती. तिन्ही परक्या भाषांतून आलेली. एकीच्या वेष्टनावर जिना, दुसरीच्या वेष्टनावर डोंगराचे टोक आणि तिसरीच्या वेष्टनावर उगवता सूर्य. तिन्हींत एक सूचना सारखी होती : पाच वर्षांनंतर आपण कोठे असू याचे चित्र काढा आणि ते रोज पाहा. मुलगा आज्ञाधारक, त्याने चित्र काढले होते. वहीच्या मधल्या जोड पानावर बंगला, पुढे मोटार, मोटारीशेजारी कुत्रा. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टासुद्धा रंगवला होता. "चित्र झकास आहे," वडील म्हणाले, "पण चित्र काढल्यापासून हा अभ्यासाला बसत नाही. बंगला मिळालाच आहे अशा थाटात हिंडतो."

मी त्यांना कपाटातून महर्षी कर्वे यांचे 'आत्मवृत्त' काढून दिले. सुट्टी संपल्यावर ते पुस्तक वर्तमानपत्रात नीट गुंडाळून परत आले. त्यांनी ते स्वतःही वाचले होते, हे मला विशेष वाटले. पण समाधान दिसेना. "माणूस फार मोठा, बाई. त्यात वादच नाही. पण पुस्तकात काही नाही हो. नुसता हिशेब आहे."

'नुसता हिशेब' हे दोन शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. तक्रार खरी आहे. एवढेच की ते दूषण म्हणून बोलले, आणि मी जितका विचार करते तितके मला वाटते की या पुस्तकाचे याहून नेमके परीक्षण कोणा पंडिताने केले नसेल. तेव्हा त्या गृहस्थांना जे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही, ते येथे देण्याचा प्रयत्न करते. एका पुस्तकाने ते पुरे होणार नाही, तीन घ्यावी लागतील. आणि योगायोग असा की तिन्ही एकाच घरातली आहेत.

आधी त्या जिना-डोंगर-सूर्यवाल्या पुस्तकांविषयी दोन शब्द, कारण ती टाकाऊ आहेत असे म्हणणे मला सोपे असले तरी न्यायाचे होणार नाही. खचलेल्या माणसाला 'उद्या आहे' एवढे कोणी म्हणणेही पुष्कळ असते. माझे भांडण त्यांच्या उपदेशाशी नाही, त्यांतल्या गोष्टींशी आहे. मी स्वतः गोष्टी लिहिते, म्हणून तेथे माझी नजर आधी जाते. या पुस्तकांतला प्रत्येक माणूस पहिल्या ओळीपासून विजयी असतो. मधले दारिद्र्य, अपमान, आजार ही केवळ त्याच्या विजयाची खुमारी वाढविण्यासाठी घातलेली फोडणी असते. शेवट माहीत असलेल्या जागेवरून सुरुवात लिहिली की सगळे रस्ते सरळ दिसू लागतात. पण जगताना माणसाला शेवट माहीत नसतो. हे 'माहीत नसणे' ज्या पुस्तकात उतरले नाही, ते पुस्तक पुढच्या आयुष्याविषयी काही सांगते असे मी तरी मानणार नाही.

आता ते घर. धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे 'माझे पुराण' १९४४ साली आले. ते त्यांनी सांगितले आणि त्यांच्या सूनबाई कावेरी कर्वे यांनी ते लिहून काढले. आणि बायांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' या दोहोंच्या मध्ये, १९२८ साली. तिघांची मुळे कोकणातली. अण्णा मुरुडचे, दोघी बहिणी देवरुखच्या जोशांच्या. बहिणींचे भाऊ नरहरपंत हे अण्णांचे मुंबईतले विद्यार्थिदशेपासूनचे स्नेही; या स्नेहाच्या धाग्यावर पुढचे सगळे विणले गेले. एकच काळ, तीच माणसे, आणि बऱ्याच अंशी तेच प्रसंग. पण तीन पुस्तके एकापाठोपाठ एक वाचली म्हणजे 'पुढचे चांगले दिवस' ही वस्तू तिघांच्या हाती किती निराळी होती हे कळते.

'आत्मवृत्ता'तला साताऱ्याचा प्रसंग बहुतेकांनी कोठे ना कोठे वाचला असेल. १८७५ सालची गोष्ट. मराठी सहावीची परीक्षा द्यावयाची होती. ती झाली म्हणजे शिक्षकाची किंवा कारकुनाची नोकरी मिळण्याची वाट उघडत असे. मुरुडहून हा मुलगा सोबत्यांबरोबर सह्याद्री चढून साताऱ्यास पायी गेला. शंभरावर मैलांची चाल. आणि तेथे परीक्षकांनी त्याच्याकडे पाहून ठरविले की हा सतरा वर्षांचा दिसत नाही. परीक्षेला बसू दिले नाही. सतरा वर्षे पूर्ण झालेली होती. पण अंगकाठी किरकोळ, आणि स्वभाव असा भिडस्त की साहेबांपुढे आपली बाजू जोराने मांडणे जमले नाही. पुढच्या वर्षी कोल्हापुरास जाऊन त्याने ती परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाला.

हा प्रसंग जिन्याच्या पुस्तकात असता तर काय झाले असते हे मी डोळे मिटून सांगू शकते. त्या मुलाने साताऱ्याच्या वेशीवर मूठ आवळून 'एक दिवस मी विद्यापीठ काढीन' अशी प्रतिज्ञा केली असती. अण्णांनी तसले काहीही लिहिलेले नाही. त्या मुलाला विद्यापीठ दिसत नव्हते. पुढल्या वर्षीची परीक्षा दिसत होती. आणि लिहिताना वयाची सत्तावन वर्षे झालेल्या माणसाने त्या मुलाच्या डोळ्यांत, मागाहून, विद्यापीठ घातले नाही. ही मला लेखक म्हणून फार मोठी सचोटी वाटते. आम्हा कादंबरीवाल्यांना हा मोह रोज होतो आणि रोज आम्ही त्याला बळी पडतो.

पुढे सगळे असेच. मॅट्रिक झाले ते १८८१ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी. ज्या वयात आजची मुले दोन पदव्या घेऊन मोकळी होतात त्या वयात हा गृहस्थ मॅट्रिक. बी. ए. १८८४ साली, एल्फिन्स्टनमधून, गणित घेऊन. मधल्या काळात मुंबईत शिकवण्या. सकाळी एका टोकाला, संध्याकाळी दुसऱ्या टोकाला. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. का थांबले ते सांगण्याची ही जागा नव्हे. पण एवढे सांगते की 'तेविसाव्या वर्षी मॅट्रिक' हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा माझे वय सव्वीस होते, आणि त्या एका कोरड्या वाक्याने मला जे दिले ते सूर्याच्या दहा चित्रांनी दिले नसते. त्यात धीर देण्याचा हेतू नव्हता, म्हणूनच धीर आला.

हिशेबाची गोष्ट घ्या. अण्णा गणिताचे शिक्षक; आकड्यांवर त्यांचा जीव. मुरुडातून बाहेर पडून मिळवू लागलेल्या लोकांनी आपल्या मिळकतीतला लहानसा वाटा गावासाठी द्यावा, या कल्पनेतून 'मुरुड फंड' निघाला. वर्गणी किती, जमली किती, राहिली किती, हे सगळे ते लिहितात. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला तोही असाच, थेंबाथेंबाने. वाचक म्हणतो, या जमाखर्चात आयुष्य कोठे आहे? माझे उत्तर असे की पाने पुन्हा सावकाश उलटा. प्रत्येक आकड्यामागे एक दार आहे, आणि त्या दाराशी हा भिडस्त मनुष्य उभा आहे. ज्याला साताऱ्याला साहेबांपुढे तोंड उघडवले नाही, त्याने पुढची वीस-पंचवीस वर्षे लोकांच्या दाराशी जाऊन पैसे मागितले. 'मी माझा संकोच जिंकला' असे वाक्य त्यांनी लिहिले असते तर आपण टाळ्या दिल्या असत्या. त्यांनी वर्गणीची यादी दिली. आता यातले साहित्य कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणखी एक नवल. पुस्तक निघाले १९१५ साली. महिला विद्यापीठ स्थापन झाले १९१६ साली. ज्या कार्याने कर्वे हे नाव देशभर गेले ते कार्य त्यांच्या आत्मचरित्राच्या पहिल्या आवृत्तीत असणे शक्यच नव्हते! फर्ग्युसनमधून १९१४ साली निवृत्त झालेला, केस पिकलेला एक प्राध्यापक आपली जीवनकथा सांगून वही मिटवीत होता. त्याला काय ठाऊक, की अजून विद्यापीठ यावयाचे आहे, सत्तरी उलटल्यावर पृथ्वीप्रदक्षिणा व्हावयाची आहे, १९५८ साली भारतरत्न मिळावयाचे आहे, आणि १९६२ सालापर्यंत, एकशे चार वर्षांचे होईपर्यंत जगावयाचे आहे? आपल्या पुढच्या आयुष्याचे चित्र त्यांनी त्या वर्षी काढले असते तर ते किती लहान निघाले असते, या विचाराची मला मौज वाटते. मग जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका टपालाने हाती आली, आणि १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आपली कल्पना मांडली. ज्याच्या वहीचा शेवटचा आकडा नुकताच लिहून झाला होता त्याने पुन्हा पहिले पान काढले.

इतके कौतुक केल्यावर दोषही सांगितले पाहिजेत. 'आत्मवृत्त' हे वाचनीय पुस्तक आहे असे मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. प्रसंग उभा करणे त्यांना साधत नाही, आणि साधावे अशी इच्छाही दिसत नाही. १८९१ साली त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. त्यांच्याविषयी जे आहे त्याने माझी भूक भागत नाही. त्या बाईंचा चेहरा मला दिसत नाही. १८९३ साली विधवेशी विवाह केल्यावर मुरुडकरांनी बहिष्कार घातला, आईला आणि थोरल्या भावाला मुलगा घरी घेता येईना, तो प्रसंग ज्या समपातळीवरच्या स्वरात येतो तो स्वर स्थितप्रज्ञाचा आहे की आपले दुःख चारचौघांत न दाखविणाऱ्या कोकणी माणसाचा, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. आणि ज्या आश्रमासाठी एवढी पायपीट, त्याची दारे आरंभी उच्चवर्णीय विधवांपुरतीच उघडी होती. त्याच पुण्यात १८४८ पासून जोतीराव आणि सावित्रीबाईंनी जे काम केले, ते ध्यानात घेतले म्हणजे अण्णांच्या पावलांचा सावधपणा जसा कळतो तशी त्याची किंमतही कळते.

येथे थोडे आडवळणाला जाते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' पत्रात १८९० पासून येऊ लागली. तीमधली यमू विधवा होते, तिचे केशवपन होते, आणि आमच्या तीन पिढ्या तिच्यासाठी रडल्या. मीही रडले. पण सन पाहा. पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले ते मार्च १८८९ मध्ये, आणि त्यात पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून गेली ती गोदू जोशी, म्हणजेच पुढच्या बाया कर्वे. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी वैधव्य आलेली, सासरच्या घरी राबलेली, डोक्यावरून पदर घेतलेली ही बाई, यमू कागदावर अवतरण्यापूर्वीच, पाटी-पेन्सिल घेऊन बसली होती. आमच्या सर्वांत मोठ्या कादंबरीकाराला आपल्या नायिकेसाठी जी वाट काढता आली नाही त्या वाटेवर देवरुखची एक अर्धशिक्षित स्त्री चालू लागलेली होती. हरिभाऊंना दोष देत नाही. यमू वाचली असती तर कदाचित आम्ही इतक्या जागे झालो नसतो. पण माणसाच्या पुढच्या दिवसांची कल्पना करण्याचा मक्ता आम्हा लेखकांकडे आहे, असे जे आम्ही समजतो, त्याला हे एक उत्तर आहे.

'माझे पुराण' हे मला तिन्हींत श्रेष्ठ वाटते. ते बोललेले पुस्तक आहे. ओटीवर बसून, सुपातले तांदूळ निवडता निवडता एखादी वडीलधारी बाई बोलते, मध्येच हसते, मध्येच 'जाऊ दे ते' म्हणते आणि नेमके तेच पुढे सांगते, तसा त्याचा ओघ आहे. कावेरीबाईंचे उपकार असे की त्यांनी तो ओघ व्याकरणाच्या बांधाने अडवला नाही.

या पुस्तकात हिशेब आहे, पण तो दुसऱ्या बाजूचा आहे. अण्णांच्या वहीत जे 'जमा' आहे ते बायांच्या वहीत 'खर्च' पडलेले दिसते. फर्ग्युसनच्या आजीव सभासदांना महिना ७५ रुपये मिळत. त्यातून आश्रमाला जाणार, फंडाला जाणार, येणारी-जाणारी माणसे जेवणार. अण्णांनी आपली शिल्लक आश्रमाला दिली. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली. 'आत्मवृत्त' वाचताना येथे आपला हात आपोआप जोडला जातो. 'माझे पुराण' वाचताना तोच हात थबकतो. कारण तेथे एक आई उभी असते, तिच्याभोवती मुले असतात, आणि ती विचारते की उद्या यांच्या बापाला काही झाले तर यांनी काय खायचे? एकदा वैधव्य भोगलेली बाई हा प्रश्न विचारीत आहे, हे वाचकाने विसरू नये. दुसऱ्यांच्या विधवांची सोय करताना आपल्या होऊ शकणाऱ्या विधवेची सोय काढून घेतली, हा त्या घरातला पेच आहे. आणि मराठीतल्या कोणत्याही नाटकात इतका सरळ, इतका न सुटणारा पेच मी पाहिलेला नाही.

शिवाय दुसरे एक शल्य होते. आश्रमात येणाऱ्या विधवांचे पुनर्विवाह लावून देतात असा लोकांचा ग्रह झाला असता तर कोणी आपली लेक तेथे पाठविली नसती. म्हणून अण्णांनी आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या. व्यवहार म्हणून ते बरोबरच होते. पण त्याचा अर्थ असा झाला की नवऱ्याने उभारलेल्या संस्थेत त्याच्या बायकोलाच, ती पुनर्विवाहित म्हणून, मोकळेपणी वावरता येईना. बाया हे लपवीत नाहीत. रागही लपवीत नाहीत. आणि तरी त्याच आश्रमासाठी त्या स्वतः वर्गणी मागत हिंडल्या. सुईणीच्या कामाचे शिक्षण घेतले, घरात विद्यार्थी ठेवून त्यांना जेवू घातले, संसाराला चार पैशांचा टेकू दिला. म्हणजे नवऱ्याने उद्याची शिल्लक देऊन टाकली तेव्हा त्यांनी उद्याची निराळी तजवीक केली, आणि भांडण चालू ठेवले. भांडत राहणे आणि काम करीत राहणे या दोन्ही गोष्टी एका माणसाला एकाच दिवशी जमतात, हे मी या पुस्तकातून शिकले. आमच्या कादंबऱ्यांतल्या बायका बहुधा एक तरी करतात किंवा दुसरी.

यावर कोणी म्हणेल की बाया संसारी, त्यांची दृष्टी घरापुरती. मला तसे वाटत नाही. अण्णांचा उद्या मोठा होता म्हणून तो अधिक खरा होता, आणि बायांचा उद्या चुलीजवळचा होता म्हणून तो कमी खरा होता, असे ठरविणारे आपण कोण? मुलांच्या दुधाचा उद्या आश्रमाच्या उद्यापेक्षा लवकर येतो, एवढाच काय तो फरक.

राहिली 'माझी कहाणी'. हे पुस्तक आज फारसे कोणी वाचत नाही, आणि याची मला खंत आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर जस्टिन अ‍ॅबट यांनी १९३० साली केले. मराठी वाचकांपेक्षा परदेशातल्या अभ्यासकांना ते अधिक माहीत असावे अशी मला शंका आहे.

पार्वतीबाईंचे माहेरचे नाव कृष्णा. लग्न अकराव्या वर्षी. यजमान गोव्यात कस्टम खात्यात नोकरीला. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा. त्या पुण्यास आल्या आणि मुळाक्षरांनंतरचे जे शिक्षण म्हणून असते ते त्यांनी, मुलगा शिकण्याच्या वयाचा झालेला असताना, स्वतः सुरू केले. पुढे हिंगण्याच्या आश्रमाच्या त्या आधारस्तंभ झाल्या. गावोगाव फिरून, भाषणे करून त्यांनी पैसा जमविला. केशवपन केलेल्या वेशातच त्या हिंडत, कारण लोकांचा विश्वास त्या वेशावर होता; चाळिशी उलटल्यावर मात्र त्यांनी केस वाढविले. पुनर्विवाह त्यांनी केला नाही, आणि बहिणीने केला म्हणून बहिणीला सोडलेही नाही. आणि १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, या बाई इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या. एकट्या. गाठीला पैसा नाही, भाषा तोडकीमोडकी. तेथे त्यांनी लोकांच्या घरी स्वयंपाकपाण्याची, धुण्याभांड्यांची कामे करून पोट भरले. इंग्रजीचे काय झाले हे वाचक विसरून जातो. परक्या मुलखात परक्याची भांडी घासणारी कोकणातली विधवा तेवढी डोळ्यांपुढून हलत नाही.

आता या पुस्तकातली खरी अडचण सांगते. पार्वतीबाईंची मते जुनी आहेत. स्त्रीचे क्षेत्र घर, तिचे शिक्षण चांगली गृहिणी आणि चांगली माता होण्यासाठी असावे, पुरुषांसारखे शिक्षण तिला कशाला, असे त्या ठासून सांगतात. आणि सांगणारी कोण? जिचे घर विसाव्या वर्षी मोडले, जिने महासागर ओलांडले, जिने आयुष्यभर सभा गाजविल्या ती! त्यांचे मत एका वाटेने जाते आणि पाय दुसऱ्या वाटेने. एखादा टीकाकार याला विसंगती म्हणून लाल रेघ मारील. मी पूर्वी तेच केले होते. माझ्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत. या खेपेला वाचताना मला वाटले की त्या इतर स्त्रियांसाठी जे मागत होत्या ते त्यांना स्वतःला मिळाले नव्हते : घर, नवरा, रोजची पोळीभाजी. आपल्याला जे आयुष्य मिळाले ते चांगले असूनही, 'हेच इतरांना मिळो' असे त्या म्हणाल्या नाहीत. यात मागासलेपणा किती आणि दुःख किती, हे वेगळे करणे मला जमलेले नाही. पुस्तकात त्या स्वतः ते वेगळे करीत नाहीत. आधीच्या दोन पुस्तकांत हा चटका नाही. अण्णांना आपले आयुष्य इतरांना मिळावे असे वाटे, आणि बायांना मुळात आयुष्याची जाहीर शिफारस करण्याची सवय नव्हती.

लिहिण्याची पद्धत पाहिली तर 'माझी कहाणी' दोन पुस्तकांच्या मध्ये कोठे तरी पडते. तीत अण्णांचा कोरडेपणा नाही आणि बायांची ऊबही नाही. अधूनमधून व्याख्यान लागते, आणि मग पानेच्या पाने चाळावी लागतात. पण अमेरिकेची प्रकरणे मी कोणालाही एका बैठकीत वाचून दाखवीन. अपमान झाला तर अपमान झाला असे लिहिले आहे. कोणी मदत केली तर त्याचे आभार आहेत. आपण येथे का आलो, परत जावे काय, ही घालमेल आहे. पुढे काय होणार हे लिहिणारीला त्या क्षणी ठाऊक नाही, असे वाचताना सतत वाटत राहते.

त्या मुलाच्या वडिलांना मी 'आत्मवृत्त' एकटेच दिले ही माझी चूक झाली. एका वहीवरून घराचा ताळेबंद कळत नाही. अण्णांच्या जोडीला बाया असत्या तर 'नुसता हिशेब' म्हणताना ते थोडे थांबले असते, आणि पार्वतीबाई असत्या तर पोराने चित्रातल्या बंगल्यात भांडी कोण घासते आहे याचाही विचार केला असता. यंदा सुट्टीच्या आधी मी तिन्ही पुस्तके काढून ठेवली आहेत. हिंगण्याला आता कर्वेनगर म्हणतात, आणि तेथे ज्या रस्त्याने अण्णा पावसाळ्यात चिखल तुडवीत कॉलेजात जात त्या बाजूला आज इतकी वाहने असतात की रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. गेल्या उन्हाळ्यात मी तेथे गेले होते. संस्थेच्या फाटकातून मुलींचे थवे बाहेर पडत होते. त्यांतल्या एकीला मी बायांविषयी विचारले. ती म्हणाली, "बाया कोण?" आणि मग, मी सांगू लागल्यावर, मैत्रिणींना 'तुम्ही व्हा पुढे' म्हणून भर उन्हात वीस मिनिटे ऐकत उभी राहिली.

तो मुलगा आता दहावीत आहे. परवा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आला. बंगल्याविषयी काही बोलला नाही. साताऱ्याचे ते पान त्याने त्या वेळी वडिलांच्या आधी वाचले होते, असे त्याने आता, दोन वर्षांनी, सांगितले. "बाई," तो म्हणाला, "त्या मुलाची सतरा वर्षे पूर्ण झाली होती ना?"

"झाली होती," मी म्हटले.

"मग त्याने तसे सांगितले का नाही?"

घंटा झाली. तो वर्गात गेला, आणि मी पुस्तकाचे ते पान शोधू लागले.